मोबदला करमुक्त, पण नफा करपात्र!

मनोरच्या मस्तान नाक्यावर तासभर उभे राहिले की पालघर जिल्ह्याचे बदललेले अर्थकारण डोळ्यांसमोरून जाते. बुलेट ट्रेन आणि मुंबई-बडोदा द्रुतगती महामार्गासाठी या जिल्ह्यातील जमिनी गेल्या. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकरकमी पैसा आला नव्हता, त्यांच्या खात्यात मोबदला जमा झाला. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांच्या हाती प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी आली. पैसा आला की मागोमाग एजंटही येतो. तो म्युच्युअल फंडाचा फॉर्म पुढे करतो, सही कुठे करायची ते बोटाने दाखवतो आणि निघून जातो. त्या फॉर्मवर कोणत्या चौकटीत खूण झाली, यावर पुढे किती कर जाणार हे ठरते. ते मात्र कुणी सांगत नाही.

मुळात एक गोष्ट स्पष्ट झाली पाहिजे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली सरकारने संपादित केलेल्या जमिनीच्या मोबदल्यावर आयकर नाही. आयकर मंडळाने २०१६ च्या परिपत्रकात तसे मान्य केले आहे. पण हाच पैसा फंडात गेल्यावर त्यावर होणारा नफा करपात्र असतो. ‘आमचा पैसा करमुक्त आहे’ हा समज तेथे संपतो. आदिवासी बांधवांचीही अशीच फसगत होते. अनुसूचित जमातींना आयकरातून मिळणारी खास सूट ईशान्येकडील काही प्रदेश आणि लडाख यांच्यापुरती आहे. पालघरच्या वारली, कोकणा, कातकरी बांधवांना ती लागू नाही.

आता फंडाचा कर कसा लागतो ते पाहू. अमेरिकेत फंडाने आतल्या आत शेअर विकून नफा कमावला की तो गुंतवणूकदाराला वाटला जातो आणि त्याने स्वतः काही विकले नसले तरी त्याला कर भरावा लागतो. आपल्याकडे तसे नाही. फंडाच्या स्वतःच्या उत्पन्नावर कर नाही. ‘ग्रोथ’ पर्याय घेतला असेल तर युनिट विकेपर्यंत गुंतवणूकदारालाही कर नाही. मात्र एका योजनेतून दुसरीत पैसे वळवले तरी कायद्याच्या दृष्टीने ती विक्रीच असते. कमिशनसाठी वारंवार योजना बदलायला लावणारा एजंट आपल्याला दर वेळी कराच्या दारात उभा करतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

शेअर बाजारात गुंतवणाऱ्या फंडातील युनिट १२ महिन्यांनंतर विकले तर २३ जुलै २०२४ पासून वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे आणि त्यावरील नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. १२ महिन्यांच्या आत विकले तर २० टक्के. दरमहा हप्त्याने पैसे भरणाऱ्यांचा प्रत्येक हप्ता वेगळा मोजला जातो. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या कर्जरोख्यांच्या फंडातील नफा, तो कितीही वर्षांनी काढा, आपल्या इतर उत्पन्नात मिळवून नेहमीच्या दराने करपात्र ठरतो. लाभांशाचेही तसेच. एप्रिल २०२० पासून तो पूर्णपणे आपल्या उत्पन्नात धरला जातो. वर्षाला १० हजारांहून अधिक लाभांश झाला की फंड आधीच १० टक्के कापून घेतो. कर लागत नसेल तरी ती रक्कम परत मिळवायला विवरणपत्र भरावे लागते. आपले किती लोक ते भरतात?

आणि खरा अन्याय येथे आहे. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, असा गाजावाजा झाला. पण ती सवलत शेअर फंडाच्या नफ्याला लागू नाही! समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींना वर्षाला ५ लाख निवृत्तिवेतन आहे. त्यांनी १० लाख शेअर फंडात ठेवले, पाच वर्षांत त्याचे १६ लाख झाले आणि मुलीच्या शिक्षणासाठी सगळे एकदम काढले. ६ लाखांच्या नफ्यातून सव्वा लाख वजा जाता पावणेपाच लाखांवर ५९,३७५ रुपये कर आणि उपकर धरून ६१,७५० रुपये गेले. १२ लाख पगार घेणाऱ्याला शून्य आणि गुरुजींना ६१ हजार, हा कुठला न्याय?

हेच गुरुजी दरवर्षी सव्वा लाखाच्या आतला नफा काढून पुन्हा गुंतवत गेले असते तर, बाजार सरळ रेषेत चढत नाही हे मान्य करूनही, यातील बहुतेक कर वाचला असता. यात कसलीही चोरी नाही. मुंबईतील श्रीमंतांचे सल्लागार दर मार्चमध्ये हेच करतात. फरक एवढाच की त्यांना सल्लागार आहे आणि आपल्याला एजंट आहे.

‘लाभांश घेऊ नका, ग्रोथच घ्या’ हा सल्लाही डोळे झाकून घेऊ नये. मोठ्या पगारदाराला तो योग्य आहे, कारण त्याच्या लाभांशावर ३० टक्क्यांपर्यंत कर जातो. पण ज्याचे सर्व मिळून उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे, त्याच्या लाभांशावर आणि कर्जरोखे फंडाच्या नफ्यावर नव्या पद्धतीत कर उरत नाही. मात्र लाभांश हे व्याज नव्हे. त्यात आपलेच भांडवल परत येऊ शकते, म्हणूनच सेबीने एप्रिल २०२१ पासून त्या पर्यायाच्या नावातच ‘भांडवल काढणी’ हे शब्द घालायला लावले.

आणखी एक गोष्ट घरातल्या स्त्रीची. सातबाऱ्यावर तिचे नाव असेल आणि मोबदला तिच्या खात्यात आला असेल, तर सव्वा लाखाची तिची मर्यादा वेगळी. पण नवऱ्याने स्वतःचा पैसा बायकोच्या नावे फंडात टाकला तर त्याचा नफा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो. म्हणजे स्त्रीचा हक्क मुळात जमिनीवर मान्य केला, तरच तो कराच्या हिशेबातही उतरतो.

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर आणि १९२५ साली प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ लिहिले. पैसा आणि कर हा उच्चवर्णीयांचा प्रांत आहे असे त्यांनी मानले नाही. मग आपणच तो त्यांच्यावर का सोडावा? मोबदल्याच्या धनादेशाबरोबर कराची माहिती देणारे मराठीतले एक पान द्यावे, अशी मागणी जिल्हा प्रशासनाकडे केली पाहिजे. समाजातील कर सल्लागार, बँक कर्मचारी, निवृत्त शिक्षक यांनी मार्चपूर्वी विहारात एक दिवस बसून लोकांचे फॉर्म तपासून दिले पाहिजेत. जमीन एकदाच जाते. तिचा पैसाही अज्ञानापोटी जाऊ देणे आपल्याला परवडणारे नाही.