पाटी कुणाचीही असो, दार एकच!



पेण-रोहा रेल्वेमार्गावर नागोठणे सोडले की निडी हे लहानसे स्टेशन लागते. आमच्या गावचा एक पोरगा तिकडे कंत्राटी कामावर आहे, निडीत खोली घेऊन राहतो. गेल्या पावसाळ्यात त्याचा बाप त्याला भेटायला गेला. पाच एकर कोरडवाहू कापसाचा धनी. मी सोबत होतो. दुसऱ्याच रात्री म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली.

त्या रात्री आम्ही तीन दारे पाहिली. सरकारी दवाखान्यात पैसा कुणी मागितला नाही, पण हृदयाचा डॉक्टरही नव्हता. गोळी दिली, चिठ्ठी दिली, 'पुढे न्या' म्हणाले. पुढे खाजगी. तिथे डॉक्टर होता, मशीन होते; पण आधी पन्नास हजार अनामत, मग स्ट्रेचर. तिसरे दार ट्रस्टचे. दारावर 'धर्मादाय' ही पाटी, भिंतीवर देणगीदारांची नावे. वाटले, देव पावला. खिडकीतल्या माणसाने आकडा सांगितला, चाळीस हजार. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! पोराच्या मुकादमाने उचल दिली म्हणून म्हातारा वाचला. ती उचल अजून फिटते आहे.

तुम्ही म्हणाल, भातवाल्या रायगडची ही गोष्ट आम्हा कापूस-ज्वारीवाल्यांना कशाला? मी विचारतो, आपल्या तालुक्यात तीन दारे तरी आहेत काय? जिथे मोठे ऑपरेशन करणारा दवाखाना एकच, तिथे रात्री दोन वाजता भाव कोण करणार? बैल विकायला चार बाजार हिंडता येतात. बाळंतीण बैलगाडीत घालून चार दवाखाने हिंडता येत नाहीत.

एकच दार म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. १९७२ पासून जवळजवळ तीस वर्षे या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. पाटी सरकारची होती, हेतू शेतकऱ्याच्या भल्याचा सांगितला होता. पण गिऱ्हाईक एकच, म्हणून ग्रेडर म्हणेल ती प्रत आणि चुकारा येईल तेव्हा येईल. शेजारच्या राज्यात भाव चढा असला तरी आपलाच कापूस सीमेपलीकडे नेणारा गुन्हेगार ठरला. त्याआधी व्यापारी लुटत होता, हेही खरे. मालक बदलला की लुटीची तऱ्हा बदलते. लुटीची हिंमत मात्र ठरते ती आपल्याला दुसरे दार आहे की नाही यावर.

दवाखान्याचेही तेच. सरकारी दवाखाना एकटा असला की खुर्ची रिकामी राहते. खाजगी एकटा असला की बिल फुगते. आणि ट्रस्टचा एकटा असला की तो खाजगीच्या वाटेने जातो, वर करसवलत घेतो आणि पुण्यही पदरात पाडतो.

हे आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स शहरात नफा न घेणाऱ्या दोन मोठ्या रुग्णालयांनी एक व्हायचे ठरवले. १९९६ साली सरकारी आयोगाने हरकत घेतली. विश्वस्त गावचेच प्रतिष्ठित लोक, ते आपल्या माणसांना कसे नाडतील, हे म्हणणे न्यायाधीशाला पटले आणि परवानगी मिळाली. पुढे २००० साली शिकागोजवळच्या इव्हान्स्टनच्या अशाच संस्थेने हायलंड पार्कचे रुग्णालय आपल्यात घेतले. २००७ मध्ये त्याच आयोगाने निकाल दिला की, एक झाल्यावर या संस्थेने दर चांगलेच वाढवले. नफा न घेणारेही स्पर्धा संपली की भाव वाढवतात!

मग कायदा आहे ना? आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना फुकट आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत द्यायच्या आहेत. बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धनांसाठीच्या निधीत टाकायची आहे. अडल्या वेळी रुग्ण आधी दाखल करून घ्यायचा आहे. पण त्या रात्री आम्हाला हे कुणी सांगितले? कागद कपाटात आणि म्हातारा पायरीवर!

आता उलटे उदाहरण पाहा. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालयही संस्थेचेच. पण डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांबरोबर ज्वारीचा आरोग्य विमा उभा केला. सुगीला प्रत्येक घराने जमिनीच्या मानाने ज्वारी घालायची, भूमिहीनाने कमी. गावाने एकत्र यायचे, एकट्यादुकट्याने नाही. ज्याची ज्वारी जमा, त्याला आजारपणात रुग्णालयाचा आधार. तिथे गाव हात पसरून गेले नाही, वाटा घालून गेले. सरकारनेही त्या रुग्णालयाला मोठे अनुदान दिले आहे. एकट्या पाटीवर ते चाललेले नाही.

म्हणून 'सरकारी चांगला की खाजगी' या वादात आपण अडकू नये. जिल्हा बैठकीत चार ठराव व्हावेत.

१. जिल्ह्यातल्या प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाच्या दारावर राखीव खाटा किती आणि आज रिकाम्या किती, हे रोज मराठीत लागावे.

२. निर्धन निधीत जमा किती, खर्च किती, याचा हिशेब दर तिमाहीला धर्मादाय कार्यालयातून मागावा.

३. २०२१ च्या नियमांप्रमाणे खाजगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद लावली आहे की नाही, हे प्रत्येक तालुक्यात दोघांनी जाऊन पाहावे.

४. सरकारी रुग्णालयातल्या रिकाम्या जागा भरण्यासाठी आंदोलन करावे. ते दार उघडे राहिले तरच बाकीची दोन शुद्धीवर राहतील.

कापसाला दुसरे गिऱ्हाईक हवे, म्हणून आपण रस्त्यावर उतरलो. जिवाला दुसरे दार हवे, यासाठी घरात बसायचे काय?