भोकं आहेत, चकती नाही

स्वस्तातला चार्जर किंवा एलईडीचा ड्रायव्हर बंद पडला की फेकण्याआधी एकदा उघडून बघावा. वीज आत शिरते त्या दोन वायरींपाशी बोर्डावर बरेचदा एक पांढरी खूण छापलेली दिसते. खुणेत दोन भोकं. शेजारी अक्षरं : एमओव्ही १. चकती मात्र नाही. जरा पुढे चोकची जागा. तिथे चोकऐवजी तारेचा तुकडा सोल्डर केलेला.

एमओव्ही म्हणजे झटका झेलणारी निळी चकती. ती काही रुपयांना मिळते. तिच्यावर ४७१ छापलेलं असेल, तर साधारण ३०० व्होल्ट एसीपर्यंत ती गप्प बसते. दूर कुठे वीज कोसळून लाइनवर झटका आला, की तो स्वतःवर घेते. गावाकडे न्यूट्रल तुटतो आणि २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्ट घरात येतात, तेव्हा ती जळते. पण फ्यूज नीट निवडलेला असेल तर त्याला उडवून जळते. पुढचं सर्किट बहुधा वाचतं.

प्रत्येक मोकळी जागा म्हणजे लबाडी नव्हे. एकच बोर्ड दोन-तीन मॉडेलना वापरतात, काही जागा मुद्दाम सोडतात. पण २३० व्होल्टच्या तोंडाशीच संरक्षण गायब असेल, तर तिथे पर्याय कसला होता?

डिझाइन करणाऱ्याने ती चकती हिशेब करूनच मांडलेली असते. नंतर कॉस्टिंगच्या बैठकीत बीओएममधल्या, म्हणजे भागांच्या यादीतल्या, त्या ओळीपुढे ‘डीएनपी’ लागतं. म्हणजे भाग लावू नका. युक्तिवाद बिनतोड असतो : काढून बघा, चालतंय ना? चालतंच. टेबलावर चालतं, शोरूममध्ये चालतं, आणि नशीब असेल तर वॉरंटी संपेपर्यंतही. वाचलेले रुपये त्याच दिवशी लाखाने गुणता येतात. जळलेले चार्जर घरोघर विखुरलेले. त्यांची बेरीज कोण करणार? बोर्ड नव्याने काढायचा तर पुन्हा खर्च, म्हणून छापलेली खूण तेवढी राहते.

आणि परिसंवादात आपण ऐकतो, की आपल्याकडे पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे चांगले डिझायनर नाहीत. या बोर्डावर तर होता. त्याचं ऐकलं गेलं नाही, एवढंच. अभ्यासक्रम कितीही बदला, त्याने ही ओळ बीओएममध्ये परत येणार नाही.

असा माल विकण्यासाठी लागणारी नोंदणी नमुन्याच्या चाचणी-अहवालावर मिळते. मग नमुना तपासणीला गेला त्या दिवशी ही चकती जागेवर होती का? नंतर निघाली असेल, तर कोणाच्या सहीने? डिझायनरच्या सहीने निघाली असं सहसा घडत नाही. दुरुस्तीवाला मात्र कोणालाही न विचारता ती लावून देतो. भोकं तयारच असतात.