भेट वाचणाऱ्याला द्यायची आहे

निवृत्तीचा निरोप, शाळेचं स्नेहसंमेलन, साठीशांत, वाढदिवस. नगर जिल्ह्यात अशा प्रसंगी हार-गुच्छांऐवजी पुस्तक देण्याची पद्धत आता बऱ्यापैकी रुजली आहे. ‘बुके नको, बुक द्या’ हे आवाहन लोकांनी मनावर घेतलं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण पुढे काय होतं? कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी दुकानात फोन जातो, दोनशे रुपयांच्या आतली वीस पुस्तकं बांधून ठेवा. कोणती, ते दुकानदारानं ठरवायचं. मग निवृत्त होणाऱ्या गणिताच्या बाई, प्रमुख पाहुणे आणि निबंधात पहिला आलेला सातवीतला मुलगा, तिघांच्या हाती यशस्वी कसं व्हावं हे सांगणारं एकच पुस्तक पडतं. चकचकीत कागद काढला की पहिल्या पानावर मंडळाचा शिक्का असतो; ज्याला दिलं त्याचं नाव कुठेच नसतं. ज्यांना खरंच वाचायला आवडतं, त्यांच्याकडे अशी पुस्तकं साठत जातात आणि न उघडता माळ्यावर जातात.

खरं तर पुस्तक पारखून देण्याची उत्तम रीत याच जिल्ह्यात घरोघरी आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, प्रवरेकाठी नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. त्या भागातला एखादा मुलगा आईसाठी ज्ञानेश्वरी घ्यायला येतो तेव्हा त्याचे प्रश्न ऐकावेत. टाइप मोठा आहे का? आई सप्ताहात पारायणाला बसते, तेव्हा मूळ ओव्यांची प्रत बरी, की घरी रोज थोडं वाचते म्हणून सार्थ घ्यावी? पोथी उघडी ठेवली तर उघडी राहते, की पान हातानं धरावं लागतं? तो प्रत उघडून हात लांब करतो आणि आईच्या नजरेनं अक्षर बघतो. कोण वाचणार, कुठे बसून वाचणार, डोळे कसे आहेत, मोठ्यानं वाचणार की मनात, एवढा विचार करून तो पैसे मोजतो. पोथीसाठी आपण हे सगळं करतो, मग कथासंग्रह घेताना का करत नाही?

‘वाचणाऱ्याला काय द्यायचं, त्याच्याकडे सगळंच असतं’ हे मला पटत नाही. त्याच्या कपाटापुढे दहा मिनिटं उभं राहावं. एखाद्या लेखकाची तीन पुस्तकं दिसतात, चौथं नसतं. त्याहून सोपा उपाय म्हणजे सरळ विचारावं, तुमचं कोणतं पुस्तक कुणी नेलं आणि परत आणलंच नाही? प्रत्येक वाचणाऱ्याला असं एक पुस्तक सलत असतं. तेच शोधून, जुन्या बाजारातून का होईना, आणून द्यावं. मोतीबिंदूमुळे वाचन सुटलेल्या आजोबांना नवं पुस्तक देऊन काय उपयोग? त्यांना आठवड्यातून एक संध्याकाळ वाचून दाखवावं.

भेट म्हणजे वस्तूच हवी असंही नाही. नेहरूंनी 1930 साली नैनी तुरुंगातून इंदिरेला तेराव्या वाढदिवसाचं पत्र लिहिलं. तुरुंगातून वस्तू पाठवणं शक्य नव्हतं. त्या पत्रापासून जगाच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक सुरू झालं. पुढे नेहरू आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैद होते, तेव्हा 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं गेलं. बरोबरच्या काही कैद्यांनी हस्तलिखित वाचलं, सूचना केल्या. त्या सोबत्यांत मौलाना आझाद होते, आचार्य नरेंद्र देव होते. पुस्तक अर्पण केलं आहे ते किल्ल्यातल्या या सहबंदींनाच. असं वाचणं हीही भेटच. तुमच्या माणसानं भारावून जाऊन सांगितलेलं पुस्तक तुम्ही वाचलंत आणि त्याच्याशी तासभर बोललात, तर त्याला आणखी काही द्यायची गरज उरत नाही. गावात वाचणारा माणूस बहुधा एकटा असतो. त्याला पुस्तक मिळतं, बोलायला कुणी मिळत नाही.

आणि ज्यांना निवड जमत नाही, त्यांनी ती वाचणाऱ्यावरच सोपवावी. शेजारच्या नाशिकमध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठानमार्फत विनायक रानडे यांनी 2009 मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. देणगीदारांच्या पैशातून पुस्तकांच्या पेट्या तयार होतात, वाचकांच्या गटांत फिरतात. नगरमध्ये जिल्हा वाचनालय 1838 पासून आहे. तालुक्याच्या गावांतही वाचनालयं आहेत, पैकी अनेकांना सभासद हवे आहेत. मग वर्षाची वर्गणी कुणाच्या तरी नावानं भरून पावती त्याच्या हाती का देऊ नये? दिवाळीत तर नक्कीच. वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत एकदा पैसे भरले की महिनोन् महिने अंक बदलून आणता येतात. दुकानातल्या एकदोन अंकांच्या पैशात एवढं वाचन दुसऱ्या कुठल्या भेटीनं मिळेल?

यासाठी दोन साध्या सोयी हव्यात. वाचनालयांनी भेट-वर्गणीची वेगळी, नीट छापलेली पावती काढावी. देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव त्यावर हातानं लिहिलेलं असावं. पुस्तकविक्रेत्यांनी भेटीच्या प्रत्येक पुस्तकात, महिनाभरात बदलून मिळेल, अशी चिठ्ठी घालावी आणि त्या चिठ्ठीवर किंमत लिहू नये. आणि मंडळांनी, पतसंस्थांनी, शाळांनी वीस पुस्तकांची ऑर्डर देताना दुकानदाराला आकड्याबरोबर वीस माणसांची नावं आणि वयंही कळवावीत.