शाळेच्या दप्तरीं मुलाची प्रकृति

शाळेचें वर्ष सुरू होतांना वसई-विरारकडील पालकांपासून किती कागद मागून घेतले जातात! जन्माचा दाखला, आधारकार्ड, जातीचा दाखला, फीची पावती. परंतु या मुलास दमा आहे काय, फेफरें येतें काय, त्याच्या रक्तांत कांहीं उणीव आहे काय, हें विचारणारा कागद पुष्कळ ठिकाणीं नसतो. असला तर तो कपाटांत पडून राहतो. मुलाची जन्मतारीख शाळेस ठाऊक, त्याची प्रकृति मात्र ठाऊक नाहीं!

नोव्हेंबर २०२५ मध्यें वसई पूर्वेकडील एका शाळेंतील सहावीच्या मुलीस उशिरा आल्याबद्दल उठाबशा काढावयास लाविल्याचें व त्यानंतर आजारी पडून ती कांहीं दिवसांतच मरण पावल्याचें वृत्त प्रसिद्ध झालें. तिला पूर्वींपासून प्रकृतीची तक्रार होती, असेंही त्यांत होतें. मृत्यूचें कारण व दोष ठरविणें हें न्यायालयाचें काम. त्यांत आम्ही शिरत नाहीं. शारीरिक शिक्षेस २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें बंदी आहे. ती निरोगी मुलासही देतां येत नाहीं. परंतु शिक्षा बंद झाली म्हणून प्रश्न मिटत नाहीं. कवायत आहे, शर्यती आहेत, सहली आहेत. ज्याच्या रक्तांत सिकलसेलचा दोष आहे त्यास उन्हांत तहानलेला धांवविणें धोक्याचें असतें. आणि हा दोष आमच्या जिल्ह्यांतील आदिवासी कुटुंबांत आढळतो. शिक्षकास हें कोणी सांगितलेंच नसेल, तर त्यानें सांभाळावें तरी कसें?

यावर कोणी म्हणेल, सरकारी तपासणी आहेच. आहे खरी, आणि तिचा आरंभही याच भागांत झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचें उद्घाटन ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं पालघर येथें झालें. शाळकरी मुलांची वर्षांतून एकदां तपासणी त्यांत योजिली आहे. पण ती सरकारी व अनुदानित शाळांपुरती. विनाअनुदानित शाळेंतील मुलाची जबाबदारी मग कोणावर? बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दींत १९०९ सालीं शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी फी भरून शिकणाऱ्या मुलास ती मिळेलच अशी शाश्वति नसावी, ही लाजिरवाणी गोष्ट होय.

सारा दोष शाळांवर लोटणें मात्र न्यायाचें नव्हे. शाळा प्रवेश नाकारील या भीतीनें पालक आजार लपवितात. मुलीचा असेल तर पुढें लग्नास अडचण येईल म्हणून अधिकच लपवितात. परीक्षा चुकूं नये म्हणून तापाची गोळी देऊन मूल वर्गांत बसवितात. अशानें त्याचें दुखणें वाढतें आणि शेजारच्या बांकावरही पसरतें.

आमची सूचना साधी आहे. जून महिन्यांत प्रत्येक मुलामागें एक पत्रक भरून घ्यावें: आजार, चालू औषध, न सोसणारे पदार्थ व औषधें, डॉक्टरांचें नांव आणि दोन दूरध्वनि क्रमांक. त्यांपैकीं एक क्रमांक शाळेजवळच राहणाऱ्या माणसाचा असावा. कारण सकाळची लोकल गांठून मुंबईस गेलेले आईबाप तासाभरांत परतूं शकत नाहींत. वर्गशिक्षक व कवायतीचे शिक्षक या दोघांनीं तें वाचून सही करावी. दिवाळीच्या सुटीनंतर तें पुन्हा तपासावें. त्यांतील मजकूर गुप्त राहील व त्यापायीं कोणाचा प्रवेश नाकारला जाणार नाहीं, असें मुख्याध्यापकांनीं लेखी द्यावें. दम्याच्या मुलाचा फवारा कुलपांत नव्हे, हाताशीं असावा. विनाअनुदानित शाळांनीं वर्षास एकदां डॉक्टर बोलवावा आणि तपासणींत निघालेली उणीव चिठ्ठीनें घरीं कळवावी.

यास मोठा खर्च नाहीं. शहरांतील पुष्कळ व्यापारी गृहस्थ शाळांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत. दुकानांतील मालाची मोजदाद ते दरवर्षीं चुकविीत नाहींत. तीच दक्षता मुलांच्या प्रकृतीविषयीं त्यांनीं दाखवावी. पुढच्या जूनपर्यंत हें पत्रक आपल्या शाळेंत सुरू झालें नसेल, तर पालकांनीं फी भरतांना तें मागितल्यावांचून राहूं नये.