खोका कशाचा करावा?

कला शाखेच्या वार्षिकांकात मोटारीतल्या सबवूफरच्या खोक्यावर लेख पाहून काही वाचक हसतील. हसोत बापडे! माझे वडील सुतार आहेत. चिपळुणातल्या आमच्या सुतारशाळेत पूर्वी दारे-खिडक्या होत. आता दारे बाजारात तयार मिळतात आणि अण्णांना पुष्कळदा काम मिळते ते या खोक्यांचे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली पहिली मी. माझी फी याच कामातून भरली जाते. तेव्हा अभ्यासक्रमातल्या कोणत्याही विषयाइतकाच हा विषय मला गंभीर वाटतो.

मुळात खोका लागतोच कशाला? वूफरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जात या पुढच्या आणि मागच्या लाटा एकमेकींना गाठतात आणि पुसून टाकतात. नुसता वूफर हातात धरून वाजवला तर खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही, तो यामुळे. मागची लाट कोंडून ठेवणे हे बंद खोक्याचे काम. म्हणून तो हवाबंद हवा, ताठ हवा आणि मुका हवा.

मुका हा शब्द मी मुद्दाम वापरला. गिऱ्हाईक येते आणि म्हणते, “सागवानाचा करा, आवाज गोड येईल.” ही समजूत वाद्यांवरून आली असावी. मिरजेच्या सतारीचा भोपळा तारेबरोबर घुमावा, म्हणूनच तो निवडलेला असतो. इथे नेमके उलट आहे. गाणे वूफरने वाजवायचे; खोका घुमू लागला तर तो गाण्यात स्वतःचे सूर घुसडतो. शिवाय सागवान झाले तरी ते अखंड लाकूड. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि सांधा किंचित उघडला तरी हवा निसटते.

मग राहिल्या तीन प्रकारच्या फळ्या. पार्टिकल बोर्ड स्वस्त, पण स्क्रू नीट धरत नाही, कडा तुटतात. धक्के खाणाऱ्या गाडीत त्याचे काम नाही. दुसरा एम.डी.एफ., म्हणजे लाकडाचे तंतू राळेत दाबून केलेली फळी. ती सगळीकडे सारखी घट्ट असते, आत पोकळी नसते, वूफरचे गोल भोक स्वच्छ पडते आणि दरही बेताचा. तिसरे प्लायवूड. त्याचे पातळ थर उभे-आडवे चिकटवलेले असल्याने ते वजनाच्या मानाने ताठ असते. १८ मि.मी. जाडीची, ८ बाय ४ फुटांची एम.डी.एफ.ची फळी सुमारे ४० किलो भरते. त्याच मापाचे प्लाय बहुधा हलके असते.

जाडीत मात्र काटकसर करू नये. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १२ ऐवजी १८ मि.मी. घेतली तर जाडी दीडपट होते, पण ताठपणा सव्वातीनपटीहून अधिक. आणि माप नेहमी आतले धरावे. बाहेरून १४ इंची चौकोनी खोका ४५ लिटरचा वाटतो, १८ मि.मी.च्या फळ्या वजा केल्या की आत जेमतेम ३२-३३ लिटर उरतात, त्यातूनही वूफरची स्वतःची जागा वजा जाते. आमच्याकडे हा हिशेब मी करते, कापणे-जोडणे अण्णा करतात.

बहुतेक सल्लागार डोळे मिटून ‘एम.डी.एफ. घ्या’ असे सांगतात. माझे मत असे, की कोकणात प्लायवूडच घ्यावे.

पहिले कारण पाणी. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले. त्यानंतर आमच्या दारात जे खोके आले, त्यांत एम.डी.एफ.चे तळ फुगून भाकरीसारखे झाले होते, बोटाने तुकडे पडत होते. कोणी म्हणेल, पुरासाठी का कोणी खोका करतो? आणि पाण्यात वूफर तरी कुठे वाचला? खरे आहे. पण इथे पूर नसला तरी चार महिने डिकीत ओल्या छत्र्या, रेनकोट आणि मासळीची पिशवी असतेच. पूर जे एका दिवसात करतो, तेच ही ओल दोन-चार पावसाळ्यांत करते. आय.एस. ७१० चा शिक्का असलेले मरीन प्लाय अशा ओलीला पुष्कळ टिकते. हलक्या प्लायच्या थरांत मात्र पोकळ्या असतात, आणि त्या खर्जाबरोबर खरखरतात. म्हणून कड पाहून आणि फळी ठोकून घ्यावी.

दुसरे कारण धूळ. प्लायचा भुसा बराचसा खाली पडतो, एम.डी.एफ.ची धूळ पिठासारखी, तासभर हवेत तरंगत राहते आणि कापणाऱ्याच्या छातीत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ, आणि २००४ साली राळेतले फॉर्माल्डिहाइड, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले. प्लायच्या डिंकातही ते असू शकते आणि त्याचाही भुसा निरुपद्रवी नाही, हे मान्य. तरी दोन्ही कापून झाल्यावर अण्णांच्या भुवया पाहिल्या की फरक कोणालाही दिसेल. सल्ला देणारे आवाज मोजतात, वजन मोजतात, दर मोजतात. कापणाऱ्याचा श्वास कोणत्याच हिशेबात येत नाही.

प्लाय महाग पडते, हा आक्षेप खराच. पण दोनदा केलेला खोका त्याहून महाग. सोलापूरसारख्या कोरड्या हवेत एम.डी.एफ. खुशाल वापरावा, फक्त कडांना रंगाचे दोन हात द्यावेत. आणि फळी कोणतीही असो, कापणी उघड्यावर व्हावी, नाकाला चांगला मास्क असावा.

वाचकांपैकी कोणी खोका करवून घेणार असेल, तर सुताराला दर विचारताना आणखी एक गोष्ट विचारावी: “मास्क आहे ना?” नसेल तर त्याची किंमत बिलात धरायला सांगावी. एवढ्या रकमेने गिऱ्हाईक बुडत नाही.