दाराबाहेरची माणसे

जगबुडीच्या कथा मनुष्यजातीने सर्व काळी रचल्या. परंतु आमच्या काळाने जी कथा विशेष आपलीशी केली आहे तिच्यात एक महामारी येते, मेलेली माणसे उठून जिवंतांच्या मागे लागतात, कचेऱ्या, ठाणी आणि इस्पितळे आठवड्याभरात ओस पडतात, आणि अखेरीस पडद्यावर एकच मनुष्य उरतो : दाराला आतून कडी घालून, खिडक्यांना फळ्या ठोकून, हाती सापडेल ते शस्त्र घेऊन, बायकामुलांना पाठीशी दडवून उभा असलेला बाप. जॉर्ज रोमेरो या अमेरिकन दिग्दर्शकाच्या १९६८ सालच्या ज्या चित्रपटाने हा साचा घालून दिला, त्यात ‘झॉम्बी’ हा शब्द उच्चारलेलाही नाही. पण साचा टिकला, देशोदेशी गेला, आणि २०२२ च्या प्रजासत्ताकदिनी आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ प्रदर्शित झाला तेव्हा तो आपल्या डोंबिवलीपर्यंत येऊन पोचला.

तो चित्रपट अलीकडे घरी पाहून झाल्यावर माझ्या मुलीने, जी २०२० साली नऊ वर्षांची होती, मला विचारले, “बाबा, खरंच असं झालं तर तुम्ही आम्हाला कसं वाचवाल?” मी तत्काळ उत्तर दिले नाही, कारण जे उत्तर जिभेवर आले ते पडद्यावरच्या बापाचेच होते, आणि ते खोटे आहे याचा अनुभव मी याच घरात घेतलेला होता. आम्ही चिकलठाण्याचे रहिवासी. सुखना नदीच्या आश्रयाने वसलेले हे जुने गाव आज विमानतळ, औद्योगिक वसाहत, जालना रस्ता आणि लोहमार्ग यांच्या मध्ये सापडले आहे, आणि साथीच्या दिवसांत या चारही वाटा एकदम निःशब्द झाल्या तेव्हा, समाजव्यवस्था कोसळल्याचा भास म्हणजे काय, हे आम्ही उघड्या डोळ्यांनी पाहिले. त्या दिवसांनी मला पटवले ते असे की, आपत्काळी कुटुंब तगते ते दाराबाहेरच्या माणसांच्या भरवशावर. आणि ती माणसे कोण, किती, कोठे राहतात, याची नोंद आपत्ती येण्यापूर्वी झालेली नसेल, तर कोणत्याही बापाची कडी पुरी पडत नाही.

थोडे विषयांतर करतो. आमच्या मराठी मुलुखातली भुते ठिकाणाला बांधलेली असत. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, खवीस ओढ्याच्या वळणावर. प्रत्येकाला नाव होते, पूर्वकथा होती, आणि ती गावातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होती. वेताळाची पालखी अमावास्येच्या रात्री गण घेऊन निघे खरी, पण तीही ठरलेल्या वाटेने. बिननावाचा, बिनचेहऱ्याचा, केवळ चालत राहणारा जमाव आमच्या भयकल्पनेत नव्हता. तो आला हैतीहून, जेथे फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना उसाच्या शेतांत राबवून मारले. आणि त्या गुलामांच्या वंशजांत जी भीती रुजली ती मेलेल्याने येऊन चावण्याची नसून, मेल्यानंतरही आपले शरीर दुसऱ्याच्या मळ्यात राबत राहील याची होती. मूळचा झॉम्बी हा इच्छाशक्ती हिरावून घेतलेला मजूर होय. पुढे चित्रपटांनी कथेची बाजू पालटली, प्रेक्षकाला घरात बसवले आणि मजुराला खिडकीबाहेर उभे केले.

आता २०२० कडे वळू. मार्चच्या २२ तारखेस जनता संचारबंदी, २५ पासून देशभर टाळेबंदी, आणि जुलैच्या १० ते १८ या नऊ दिवसांत आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुन्हा अधिक कडक बंदी. मी बापाचे कर्तव्य चित्रपटाबरहुकूम बजावले. दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवली, आईला आतल्या खोलीत निजवले, आणि मुलगी फाटकाशी गेली की खेकसलो. पण त्या नऊ दिवसांतल्या एका रात्री वीज गेली, तेव्हा रोहित्राच्या खांबावर चढलेला वायरमन दाराबाहेरचा होता. घंटागाडीबरोबर येणारी मावशी, रास्त भाव दुकानात तराजूपाशी उभा असलेला माणूस, नळाचे पाणी सोडणारा, ज्या जिल्हा रुग्णालयास आमच्याकडे सर्वजण मिनी घाटी म्हणतात तेथे संरक्षक पोशाखात घामाने निथळणाऱ्या परिचारिका, औद्योगिक वसाहतीतल्या मेल्ट्रॉनच्या इमारतीचे रुग्णालय करण्यासाठी त्या उन्हाळ्यात खपलेले कारागीर, हे सर्व दाराबाहेरचेच होते. आणि त्यांतील प्रत्येकाने त्या दिवशी आपल्या घराची कडी लावून आत बसण्याचे ठरवले असते, तर माझ्या कडीचा काय उपयोग होता? त्यांनाही मुले होती. ते कामावर निघताना त्यांच्या मुलांनी त्यांना काय विचारले असेल, हा विचार मला त्या काळी एकदाही शिवला नाही, याची आज लाज वाटते.

आणि त्यापूर्वीचा ८ मे. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशातील शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांचे वीस मजूर, भुसावळहून गावाकडे जाणारी गाडी मिळेल या आशेने आदल्या संध्याकाळी रुळांच्या वाटेने पायी निघाले, बदनापूर मागे टाकून रात्रभर चालले, आणि करमाडच्या अलीकडे सटाण्याच्या शिवारात थकून, गाड्या बंद आहेत अशा समजुतीने, रुळांवरच आडवे झाले. पहाटे सव्वापाचच्या सुमारास आलेल्या मालगाडीखाली त्यांतले सोळा जण गेले. रुळांमध्ये विखुरलेल्या भाकरी-पोळ्यांचे छायाचित्र सर्व देशाने पाहिले. त्याच लोहमार्गावर करमाडच्या पुढे चिकलठाणा स्थानक येते. ते चालत राहिले असते तर काही तासांत आमच्या घरावरून गेले असते. आम्ही खिडकीतून त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले असते? कोणी मुलांना आत ओढून घेतले असते काय? मला या प्रश्नाने पुष्कळ रात्री झोप लागू दिलेली नाही, कारण त्या दिवसांत रस्त्याने चालणारा प्रत्येक अनोळखी मनुष्य आम्हांस रोगाचा वाहक वाटत होता, आणि तो स्वतः मात्र कोणाचा तरी बाप, कोणाचा तरी मुलगा म्हणून, आपल्या माणसांपाशी पोचण्यासाठी चालत होता. त्या वर्षी देशाच्या सर्व हमरस्त्यांवर जो जमाव चालला तो कुटुंबे राखू पाहणाऱ्यांचाच होता.

त्यांच्यासाठी कायदा नव्हता असे नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ चा होता. ठेकेदारामार्फत आणलेल्या परराज्यातील मजुरांची नोंद ठेवावी, त्यांस विस्थापन भत्ता द्यावा, येण्याजाण्याचे भाडे द्यावे, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. शिधापत्रिकेचेही तसेच. एका राज्याच्या पत्रिकेवर दुसऱ्या राज्यात धान्य मिळावे या योजनेत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही दोन्ही राज्ये १ जानेवारी २०२० रोजीच, म्हणजे टाळेबंदीच्या पावणेतीन महिने आधी, सामील झालेली होती. कागदोपत्री बंदोबस्त चोख होता. अंमलबजावणीच्या वेळी असे आढळले की कोणत्या मजुराने कोठे मुक्काम केला आहे, हे कोणत्याही दप्तरात एका जागी लिहिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयास जून २०२१ मध्ये सर्व राज्यांना ही शिधायोजना लागू करण्यासाठी मुदत घालून द्यावी लागली, आणि असंघटित कामगारांच्या नोंदणीचे ई-श्रम संकेतस्थळ ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाले. तोवर करमाडच्या अपघातास पंधरा महिने उलटले होते. त्यातच १९७९ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२० मध्ये जी संहिता संमत झाली, तिने तरतुदी लागू होण्यासाठीची पाच मजुरांची मर्यादा दहांवर नेली. छोट्या ठेकेदाराच्या हाताखालचे सहा-सात जण त्यामुळे तरतुदीच्या बाहेर पडतात. हा बदल अनिष्ट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण चिकलठाण्याच्या गल्लीबोळांत एका खोलीत राहणारी टोळी बहुधा सहा-सातांचीच असते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो मी हलका मानत नाही. सरकारी यादीत नाव जाण्याचे भय आपल्या लोकांत जुने आहे आणि ते निष्कारण नाही. १८९७ च्या फेब्रुवारीत इंग्रज सरकारने साथरोगांचा कायदा केला, प्लेगच्या साथीत पुण्यात रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घरे तपासली, रोग्यांना व संशयितांना छावण्यांत नेले, आणि आईबापांनी काखेत गाठ आलेले पोर धान्याच्या कणग्यांआड लपवले. त्यांच्या दृष्टीने कुटुंबाचे रक्षण सरकारपासूनच करावयाचे होते. १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्रात तोच कायदा पुन्हा लागू झाला, आणि विलगीकरणाच्या भयाने ताप लपवणारी घरे आमच्याही वस्तीत होती. म्हणजे, नोंद ठेवणारा हात कोणाचा आहे, यावर लोक दार उघडतात की लावतात हे ठरते. त्याच १८९७ साली पुण्याजवळ हडपसरच्या माळावर सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाडांच्या मुलास गाठ आल्याचे कळताच सासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई त्याला स्वतःच्या पाठीवर घेऊन तेथे आल्या, मूल वाचले, आणि १० मार्च रोजी त्या स्वतः त्याच रोगाने गेल्या. पोटी मूल नसलेल्या या स्त्रीने परक्याचे मूल वाचवले, याचा जेवढा गौरव आपण करतो, तेवढेच लक्ष या गोष्टीकडेही द्यावे की गायकवाडांच्या घरात गाठ आली आहे हे त्यांना कळले होते, आणि गायकवाडांनी ते त्यांच्यापासून लपवले नव्हते.

नोंद माणसे तगवते याचा दुसरा पुरावा मराठवाड्याच्या स्मृतीत आहे, आणि तो अधिक जवळचा आहे. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, जनावरे गेली; परंतु माणसे मोठ्या संख्येने भुकेने मेली नाहीत, कारण बंधारे, रस्ते आणि खडीची कामे निघाली, आणि हजेरीपटावर नाव चढले की संध्याकाळी चूल पेटत असे. ज्या पिढीने मिलो आणि सुकडी खाल्ली, तिच्यातील आईबापांना विचारावे. ते बंदुकीची गोष्ट सांगत नाहीत, मस्टरवरच्या नावाची सांगतात. त्या कामांतूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये आकारास आला. समाज कोसळण्याची सर्व लक्षणे हजर असताना तो कोसळला नाही, हे चित्रपटाला न सुचलेले कथानक आपल्याच तालुक्यांत घडून गेले आहे.

म्हणून महानगरपालिकेपुढे आणि जिल्हाधिकारी कचेरीपुढे माझी मागणी अशी की, पुढील साथीची वाट न पाहता प्रत्येक प्रभागात रहिवाशांची एक जिवंत नोंदवही असावी, तिच्यात घरमालकांबरोबर भाडेकरू, कंत्राटी मजूर आणि बांधकामावर झोपणारे यांचीही नावे असावीत, आणि ती वही ठाण्याच्या ताब्यात न राहता आरोग्यसेविका, आशाताई आणि रास्त भाव दुकान यांच्यामध्ये फिरावी. २०२१ ची खानेसुमारी साथीमुळे लांबणीवर पडली, आणि इतकी वर्षे आपण २०११ च्या आकड्यांवर धान्य आणि खाटा मोजत आलो. ज्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास भाड्याच्या खोल्या दरवर्षी भरतात आणि रिकाम्या होतात, तेथे असे जुने आकडे म्हणजे अनुपस्थितांची यादी होय.

आमच्या गल्लीत २०२० मध्ये आम्ही चौघांनी अशी एक शाळकरी वही केली होती : कोणत्या खोलीत किती जण, कोणास मधुमेह, कोठे तान्हे मूल, कोणाचा शिधा संपला. मुलीच्या प्रश्नानंतर ती कपाटातून काढली तेव्हा निम्म्याहून अधिक नावे निघून गेलेली आढळली. गेल्या रविवारी आम्ही दोघे ती नव्याने लिहावयास निघालो. तिसऱ्या खोलीचे दार बोटभर उघडले आणि आतल्या तरुणाने प्रथम विचारले की आपण कोणत्या कचेरीतून आलात. मुलगी म्हणाली, “कचेरीतून नाही, काका, समोरच्या घरातून.” तो क्षणभर थांबला, दार पुरते उघडले, वहीकडे पाहिले, आणि स्वतःच्या आधी आपल्या तीन वर्षांच्या मुलीचे नाव सांगितले.