आरतीला उभे राहणाऱ्यांचे नदीशी नाते काय?

मनात भाव असो वा नसो, धर्माची बाहेरची खूण मिरवली तरी पुरे, असे अलीकडे फार आत्मविश्वासाने सांगितले जाते. गाडीच्या काचेवर देवाचे नाव लिहिणारा, टिळा लावून सभेत बसणारा, वैनगंगेच्या आरतीला पुढच्या रांगेत उभा राहणारा धर्म जिवंत ठेवतो म्हणे. त्याच्या अंतःकरणात डोकावणारे आपण कोण? आज खूण आली, उद्या भावही येईल. शिवाय दिखावा नवा थोडाच आहे, पवनीच्या प्राचीन स्तूपावरही दात्यांनी आपली नावे कोरलीच होती!

पवनीचा हा दाखला तर त्यांच्याच विरुद्ध जातो. 1969-70 मध्ये जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झाले, तेव्हा स्तूपाच्या कठड्याचे खांब सापडले आणि त्यांवर ब्राह्मी लिपीतले दानलेख मिळाले. ती नावे दिलेल्या दगडावरच आहेत. दात्याने आधी पदरमोड केली, मग नाव कोरले. आज नाव आहे, दगड मात्र कुठेच नाही. त्याच पवनीला विदर्भाची काशी म्हणतात, तिथल्या घाटांवर नदीला माता म्हणून हात जोडतात. या मातेची अवस्था पाहा. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येते, आणि 1988 मध्ये पायाभरणी झालेल्या गोसेखुर्द धरणात ते साठते. पवनी याच धरणाच्या खालच्या अंगाला आहे. हे सारे जिल्ह्याला माहीत आहे. तरीही आरतीच्या गर्दीतले किती जण दुसऱ्या दिवशी सांडपाणी प्रक्रियेचा हिशेब मागायला जातात? निर्माल्याची पिशवी नदीत टाकून घरी जाणारा भक्त नदीवर नेमकी कोणती श्रद्धा ठेवतो? अंतःकरण दिसत नाही हे मान्य, पण पिशवी दिसते. आपण कोणाच्या मनाचा निवाडा करत नाही, हाताचा करतो, आणि तो करण्याचा अधिकार त्या नदीचे पाणी पिणाऱ्या प्रत्येकाला आहे. खुणेमागून भाव येतो, हेही खुणेला काही किंमत मोजावी लागली तरच खरे. फुकटच्या खुणेमागून पुढची खूण येते, तीही मोठ्या बॅनरवर.

पूजाअर्चा करणारा प्रत्येक जण ढोंगी, असे म्हणणाऱ्यांशीही आमचे जुनेच भांडण आहे. कर्मकांडाला आमचा विरोध नाही; माणसाला बांधून न घेणाऱ्या कर्मकांडाला आहे. बाबा जुमदेवजींच्या ‘परमात्मा एक’ मार्गातला सेवक दारू आणि जुगार सोडतो, सत्य, मर्यादा, प्रेम हे शब्द आचरणात आणण्याचे मान्य करतो. मोहाडी-तुमसरकडे असे सेवक गावोगाव आहेत. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना 22 प्रतिज्ञा दिल्या. त्यांत चोरी न करणे, खोटे न बोलणे, दारू न पिणे हे स्पष्ट आहे. या दोन मार्गांची मते परस्परांपासून फार दूर आहेत, पण दोन्हींनी अनुयायाच्या रोजच्या वागण्यावर हक्क सांगितला. वैनगंगेच्या भक्तांनीही निदान इतके मान्य करावे, की आरतीला उभे राहणाऱ्याने निर्माल्य नदीत टाकायचे नाही आणि सांडपाण्याच्या प्रश्नावर गप्प बसायचे नाही.